सांतोसचं बंदर आणि चांगुणा

चांगुणाला सातवी पास व्हायचं होतं. वय बावीस, नवऱ्याने टाकलेली. सातवी झाली की शिपायाची सरकारी नोकरी मिळते, एवढं तिला पक्कं ठाऊक. बहात्तरच्या दुष्काळात ती औशाजवळ पाझर तलावाच्या कामावर माती खणायची. मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायची. दुपारच्या सुट्टीत ती मातीच्या हातांनीच वर्गात यायची.

धडा होता ब्राझीलच्या सांतोसचा. मी वाचलं, "हे बंदर जगाला कॉफी पुरवतं."

"लई शानं बंदर हाय की, बाई! आमच्याकडचे नुसते शेंगा पळवतेत."

आमच्या उर्दूमिश्रित बोलीत बंदर म्हणजे माकड. हसायला वेळ नव्हता. बंदर म्हणजे जहाजं लागायची जागा, असं सांगून मी पुढे गेले. डोंगरापलीकडचे मळे, तिथून समुद्रापर्यंत आलेली रेल्वे, मग दलदलीतले डास आणि पिवळ्या तापाने पटापट मेलेले खलाशी. शेवटी शहरभर कालवे खणून घाण पाणी समुद्रात सोडलं, तेव्हा कुठे व्यापार सावरला.

वहीत उतरवून घेणारा तिचा हात थांबला. "पानी घालवाया खंदले? कोन खंदले, बाई?"

"पुस्तकात नाही."

"नसंल. पन कुनीतरी खंदलंच आसंल की."

परीक्षेत नेमकं आलं, सांतोसची भरभराट कशी झाली? बाहेर येऊन तिने खुशीत सांगितलं की दोन पानं लिहिली. टोपली कुणी भरली, डोक्यावर कुणी नेली, तापाने कोण पडलं, बांधावर कुणाची लेकरं रडली. कॉफी नाही, रेल्वे नाही. भूगोलात नापास.

मी झापलं. "विचारलं तेवढंच लिहायचं! नोकरी पाहिजे ना तुला?"

"पाहिजे, बाई."

"मग ते सगळं विसर."

पुढच्या वर्षी सगळी उत्तरं पुस्तकाबरहुकूम घोकून घेतली. 'कालवे खणले गेले.' कुणी, ते नाही. पास झाली. रोजंदारीवर शाळा झाडण्यात आठ वर्षं गेली. ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्यांत जागा निघाल्या आणि चांगुणा कायमची शिपाई झाली.

पेढे घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "नापास झालीस ते उत्तर आठवतं का गं?"

"न्हाई, बाई. तुमीच इसर म्हनलाव नव्हं?"

म्हणाले होते खरी.