मास्तरांनी काढलेला चोर

आमच्या लासूर स्टेशन गावात कुजबुज होती की चित्रकलेचे आदिनाथ मास्तर चोरांना सामील आहेत. झालं असं, की माझी मेंढी बाजारातून माझ्यादेखत चोरीला गेली आणि माझ्या वर्णनावरून मास्तरांनी पोलिसांसाठी काढलेला चोर हुबेहूब माझ्या व्याह्यासारखा निघाला.

"मल्हारराव, नाक कसं होतं?" मास्तर विचारत होते.

"नाकासारखंच व्हतं. जरा फुगीर."

पुढचं आठवेना, तेव्हा सोबत आलेल्या व्याह्याकडं बघत मी उरलेला चेहरा पुरा केला.

मास्तर वैतागले. "बरं, मेंढीचं तरी सांगा!"

मग माझी जीभ सुटली. डाव्या कानाला खाच, उजव्या डोळ्याखाली पांढरा ठिपका, खालचा ओठ काळा. त्या चित्रावरून मेंढी दोन दिवसांत गंगापूरच्या बाजारात सापडली, चोर मात्र निसटला. लोक म्हणाले, मेंढी इतकी बरोबर काढणारा माणूस चोर काढतानाच बरा चुकतो! ठाण्यानं मास्तरांना बोलावणं बंद केलं. व्याह्यानं माझ्याशी बोलणं बंद केलं, तो फायदाच. मी शहाणा, वर्षभर गप्प बसलो.

मी चोराच्या तोंडाकडं पाहिलंच नव्हतं. मी मेंढीकडं पाहत होतो.