नावातला मधला ह

पुतणीचं नाव ठेवायचं काम आत्याचं, म्हंजे माझं, आन मी काय ऐकते व्हय! वैनीला दिवस गेले तवापासनंच मोबाईलवर नावं हुडकत बसलेली. दादाची अट एकच हुती. आमच्या म्हसवडात गावच्या देवावरनं, सिद्धनाथावरनं, इतक्या पोरांची नावं, की गल्लीत हाक मारली की चौघं वळून बघत्यात. दादाचंबी तेच. आर्मीत गेला तर तिथंबी त्याच नावाचा दुसरा निघाला, मग ह्याला समदी आडनावानंच बोलवाय लागली. "माझ्या लेकराला हाक मारली की तेवढंच वळलं पायजे," म्हणला.

मी पाठवलेली समदी नावं नापास करून शेवटी त्यानंच एक कळवलं. लय गोड, आख्ख्या तालुक्यात नसंल. पण बरोब्बर मधी ह!

आता आमच्याकडं मधला ह टिकतोय कुठं? आमी पाहुण्याला पावणा म्हणतो, शहराला शेर. बारशाला दादाला सुट्टी न्हाई मिळाली. मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, ह सकट, पाठ करून गेलेली ना! पाठीवर बायकांचे धपाटे पडले, आन आयनं तिथंच पयली हाक मारली ती ह गिळून. तवापासनं घरात तेच.

दादा तिकडं हिंदी बोलून बोलून पार बदललेला. फोनवर निम्मं 'अच्छा' आन 'ठीक है'. फोन ठेवला की मला उगंच रडू यायचं.

परवा व्हिडिओ कॉल लागला. पोरगी आता रांगती. दादानं हाक मारली, ह अगदी ठसठशीत. ती आपल्या खुळखुळ्यातच. परत मारली. न्हाईच. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"आवं, झोप आलीया तिला," वैनी म्हणाली, त्याला बरं वाटावं म्हणून.

मग आय मागनं बोलली, "तिला तसं न्हाई कळत रं. आमी म्हणतो तसं म्हण की."

मग दादानं मारली हाक, ह गिळून. पोरीनं खुळखुळा टाकला आन वर बघितलं. त्यो हसला. ल्हानपणी शाळंतनं येताना लांबनं मला हाक मारायचा, त्यो आवाज हुता त्यो.

पोरगी मोबाईलच्या मागं हात घालून त्याला हुडकाय लागली. मागं वैनीचा हात तेवढा हुता.