स्कॅनचा नारळ

आमच्या हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या घरात दोघी जावांना कॅन्सर झाला. आधी धाकटीला आतड्याचा, मग वर्षभरानं मला स्तनाचा. दोघींची ऑपरेशनं झाली, केमो झाली, दोघी उठून कामाला लागलो. इथवर बरोबरी होती. पुढे तिला स्कॅन मिळत राहिले आणि मला एकही मिळाला नाही.

तिचा सीटी स्कॅन ठरला की सासूबाई देवघरात नारळ ठेवायच्या. दीर रजा काढायचे. रिपोर्ट चांगला आला की नारळ फुटायचा, खोबऱ्याच्या वड्या व्हायच्या, आणि त्या मी करायची. ती फिल्मचं मोठं पाकीट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसायची आणि नातेवाइकांचे फोन घ्यायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

माझे डॉक्टर हातानं तपासायचे, वर्षातून एकदा मॅमोग्राफी करायला लावायचे, बस्स. स्कॅनचं विचारलं की म्हणायचे, "अम्मा, तकलीफ कुछ नहीं, तो सीटी नक्को." जावेचा आजार वेगळा, तो परतला आणि वेळेत सापडला तर कापून काढता येतो, तुमच्यात तसा फायदा नाही, उगाच शोधायला गेलं तर नसतं काहीतरी दिसतं, असं समजावायचे. मी घरी येऊन तसंच सांगितलं.

"म्हणजे तुला काय नाही बाई," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी कशाला नारळ?"

ते मला फार लागलं. जुन्या खोकल्याचं निमित्त सांगून मी दुसऱ्याच एका डॉक्टरांकडून चिठ्ठी मिळवली आणि कुणाला न सांगता छातीचा स्कॅन करून आले.

फुप्फुसात बारीकसा ठिपका निघाला. रिपोर्ट पाहून माझे डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. बहुतेक जुना डाग असेल, म्हणाले, पण आता दिसलाच आहे तर तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागेल. तोवर खात्रीनं काही सांगता येणार नाही. मग घरी सगळं सांगणं भागच पडलं.

त्याच आठवड्यात धाकटीच्या तपासण्यांची पाच वर्षं पुरी झाली. शेवटचा रिपोर्टही चांगला आला. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता स्कॅन बंद, काही वाटलं तरच या. येताना ती बेगम बाजारातून एक नारळ घेऊन आली.

"ताई, हा तुमचा," ती म्हणाली. "आईंना म्हटलं, मीच ठेवते."

तिनं तो देवापुढे ठेवला आणि स्वतःचा फोडायला घेतला. त्या दिवशी वड्या तिनं केल्या. मी सोफ्यावर बसले होते. मांडीवर पाकीट होतं, फोनवर फोन येत होते. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. स्वयंपाकघरात ती वड्या थापता थापता गुणगुणत होती, आणि तिचा इतका हेवा मला आजवर कधी वाटला नव्हता.