पितृपंधरवड्यातले टायर

आमच्या सासूबाई, जमनाबाई, कशाला म्हणून घाबरत नाहीत असं तुम्हाला बोर्डीत कुणीही सांगेल. वाडीत चिकू काढताना झाडावरून साप उतरला की बाकीच्या बायका पाट्या टाकून पळतात. या काठी आपटणार आणि म्हणणार, "जा बाबा, तुझ्या वाटेने जा." सासरे गेल्यावर वाडी त्यांनी एकटीने ओढली. दलालाने मापात खोट केली तर चारचौघांत त्याची शोभा करायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा कितीतरी दिवस त्यांच्यासमोर मोठ्याने शिंकायचीसुद्धा माझी छाती झाली नव्हती.

मी पहिल्यापासून भित्री. आमच्या ह्यांना, म्हणजे दौलतना, घरी यायला जरा उशीर झाला की मी मनातल्या मनात त्यांना डहाणूच्या दवाखान्यात भरती करून, सलाइन लावून मोकळी होते. हे हसतात. हसू देत.

ही गोष्ट २०१७च्या भादव्यातली. हे डहाणूला खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला जायचे आणि आमची विनिता तिथेच नर्सिंग शिकत होती. सकाळी बापलेक एकाच मोटारसायकलवरून निघायचे. बोर्डीहून डहाणूपर्यंत समुद्राच्या कडेकडेने रस्ता, वर सुरूची झाडं. पाहुणे येतात ते या रस्त्याचे फोटो काढतात. आम्हाला विचारा. सुरूची बारीक पानं पावसात डांबरावर कुजतात आणि रस्ता नुसता साबण लावल्यासारखा होतो.

आणि गाडीचे टायर गुळगुळीत झालेले. आमच्या ह्यांचा स्वभाव असा की कुठलीही वस्तू मरेस्तोवर वापरायची. टूथपेस्टची नळी कापून आतलं खरवडणारा माणूस तो, टायर काय सुखासुखी टाकणार? गणपतीआधी डहाणूतल्या मसोलीच्या नविनभाईने, त्याचं टायरचं दुकान आहे, स्पष्ट सांगितलं होतं की मागच्याचं आतलं कापड दिसायला लागलंय, दोन्ही बदला. हे म्हणाले, "गणपती जाऊ देत." गणपती गेले आणि पितृपंधरवडा लागला.

पितृपंधरवड्यात आमच्या घरात नवीन काहीही यायचं नाही. कपडा नाही, भांडं नाही, केरसुणी मोडली तर मोडक्या केरसुणीने झाडायचं. बाकीच्यांकडेही पाळतात, पण सासूबाईंचं पाळणं म्हणजे कहर. मी म्हटलं, "आई, टायर काही हौसेची वस्तू नाही. पोरगी बसते त्या गाडीवर."

"दसऱ्याला घ्या की. इतके दिवस चाललं ना?"

"इतके दिवस पडले नाहीत म्हणून पुढे पडणार नाहीत का?"

"पंधरवड्यात नवी वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. विषय संपला.

मग आमच्या ह्यांनी डोकं चालवलं. आमच्याकडे चिकू काढायला येणारा झिपरू तलासरीकडच्या पाड्यावरचा. तो बोलता बोलता म्हणाला की तिकडे हायवेला भंगारवाल्याच्या शेडमध्ये जुने टायर मिळतात, नक्षी चांगली शाबूत असते. ह्यांनी लगेच आईला विचारलं, "जुना टायर आणला तर? जुनं म्हणजे नवं नव्हे." सासूबाईंनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "जुनं असेल तर पितरांची हरकत नाही." घ्या. पितरांची हरकत नाही, आणि माझी विचारतो कोण?

संध्याकाळी हे तलासरीहून टायर घेऊन आले, नविनभाईला न दाखवता कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून मागच्या चाकाला बसवूनही घेतला. दिसायला काळाभोर, खाचा खोल. मी हात लावून बघितलं तर वरून तेल फासलेलं, आणि रबर असं टणक की करवंटीच. किती वर्षं कुठल्या गाडीला होता, ती गाडी भंगारात कशी गेली, कुणाला माहीत. मी विचारलं, "त्या गाडीवरचा माणूस कुठाय?"

"तुझ्या डोक्यात काहीही येतं," हे म्हणाले.

त्या दिवसापासून सकाळी गाडी फाटकाबाहेर पडली की कान रस्त्याकडे. विनिता पोचल्यावर मिस कॉल द्यायची, तोवर माझ्या हातून एक काम धड व्हायचं नाही. पाऊस तर असा लागलेला की ऊन कसं दिसतं ते विसरायला झालं. विनिता एकदा म्हणाली, "आई, पप्पांनी ब्रेक मारला की मागचं चाक पळतं." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "नवा बसवलाय ना, रुळेल." मी म्हटलं, "नवा म्हणू नका. नवा असता तर तो घरात आला नसता."

सासऱ्यांची तिथी आली. त्याच सकाळी विनिताची परीक्षा. हे म्हणाले, सोडून थांबतो आणि पेपर झाला की घेऊनच येतो, गुरुजींच्या आत हजर. मी खीर, वडे, अळूचं फदफदं, गवार, सगळं रांधलं. गुरुजी आले. पाट मांडले. बापलेकांचा पत्ता नाही. फोन लावला तर वाजतोय आणि कुणी उचलत नाही.

बाहेर पाऊस कोसळत होता. मी ओट्यावर गेले, आत आले, परत गेले. या वेळी मनातल्या मनात दवाखानासुद्धा दिसेना, काहीच दिसेना, आणि तेच जास्त भयंकर होतं. सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खांब धरलेला होता आणि त्यांची बोटं पांढरी पडली होती. ते मी त्या वेळी बघितलं, पण मनात नोंद झाली नाही.

शेवटी दोघं आली. गाडी ढकलत. विनिता एका बाजूने पार चिखलाने माखलेली, कोपर सोललेलं. ह्यांच्या पँटचा गुडघा फाटलेला. विनितानेच सांगितलं. गाडी चालू होत होती, पण परत बसायचा धीर झाला नाही म्हणून ढकलत आणली. पेपर देऊन येताना चिखल्याच्या पुढच्या वळणावर समोरून टेंपो आला, पप्पांनी ब्रेक दाबला आणि मागचं चाक गेलं. दोघं आडवी झाली आणि गाडीसकट घसरत टेंपोच्या पुढ्यात. टेंपोवाल्याने कचकन ब्रेक मारला. "आई, त्याचं चाक माझ्या वेणीपाशी थांबलं," ती म्हणाली आणि मग रडायला लागली. मी तिला पोटाशी धरलं. माझ्या अंगावरही चिखल झाला.

हे अंघोळ करून पाटावर बसले. गुरुजी सांगतील ते करत होते, पण पळीतलं पाणी हातावर पडायचं ते बाहेरच सांडत होतं. पान बाहेर नेऊन ठेवलं. त्या पावसात कावळा कुठला येणार? खीर पाण्याने वाहून चालली.

सासूबाई दारातून पानाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "रागावलेत ते."

आणि माझं डोकं फिरलं. गुरुजी बसलेत, सोवळं आहे, श्राद्धाचं घर आहे, काही काही सुचलं नाही. मी म्हटलं, "आई, आज सासऱ्यांचं पान ठेवलंत. असंच चालू दे, पुढच्या पंधरवड्याला या दोघांची पानं ठेवायला मी आहे आणि तुम्ही आहात."

गुरुजी खाली मान घालून बसले. असं अभद्र बोलल्याबद्दल सासूबाई मला घराबाहेर काढतील असंच मला वाटलं, आणि काढलं असतं तरी मी गेले असते, पोरीला घेऊन. त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या लुगडं बदलून.

"चिकूचा टेंपो आहे ना शेजारी? त्याला बोलाव," त्या म्हणाल्या. "गाडी वर चढवा. मसोलीला जायचंय."

"आई, पंधरवडा..." हे म्हणाले.

"मला माहीत आहे पंधरवडा."

विनिताला शेजारच्या संगिताकडे बसवलं. गाडी टेंपोत चढवली, हे ती धरून मागे उभे राहिले, आणि आम्ही सासूसुना पुढे ड्रायव्हरशेजारी. सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. म्हणाल्या, "दौलतच्या आधीचा एक होता मला. दीपेश. अशाच पंधरवड्यात मी हट्ट करून त्याच्यासाठी नवा पाळणा आणायला लावला. सासू नको म्हणत होती. दिवाळीच्या आत पोर तापाने गेलं. पाळणा तसाच राहिला."

मी एवढंच म्हटलं, "आई, ताप पाळण्याने येत नाही."

"तसं दिवसा मलाही कळतं," त्या म्हणाल्या. "तू रस्त्याला घाबरतेस, मी पितरांना घाबरते. घाबरतो आपण त्याच दोघांसाठी." मग डहाणूपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.

नविनभाई दुकानात माशा मारत बसला होता. पंधरवड्यात टायर घ्यायला येतं कोण? सासूबाईंना बघून तो उठलाच. "बेसो बा, बेसो," म्हणजे बसा आई, असं आपल्या गुजरातीत म्हणत त्याने स्टूल पुसलं. मागच्या चाकाचा टायर बघितला, त्यावर बोटाने टकटक केलं आणि आमच्या ह्यांच्याकडे असं बघितलं की हे दुकानातली कॅलेंडरं वाचायला लागले.

त्याने तीन प्रकार काढून दाखवले. एक मोठ्या बटणांचा, म्हणजे वर जाड गाठी असलेला. "हा पाड्यावर चिखलात मस्त, पण ओल्या डांबरावर नको." दुसरा कडक रबराचा. "हा झिजता झिजत नाही." ह्यांचा हात लगेच त्याच्यावर. सवय जाते का? तिसरा नरम. सासूबाईंनी उठून तिन्ही टायरना अंगठ्याचं नख लावून पाहिलं, चिकू पिकलाय का बघायला साल खरवडतात तसं. तिसऱ्यावर नख रुतलं.

"हा टिकेल का रे?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगू बा? लवकर झिजेल. रस्ता धरतो म्हणून झिजतो."

"मग हाच दे. पुढेही हाच आणि मागेही हाच."

"आई, पुढचा अजून चालेल थोडा..." हे म्हणाले.

"दौलत," त्या एवढंच म्हणाल्या.

नविनभाई चाकं खोलायला बसला तशा सासूबाई दुकानाच्या पायरीवर गेल्या, पदर डोक्यावर घेतला, दक्षिणेकडे तोंड केलं. मी मागे उभी होते. "ऐकताय ना," त्या हळू म्हणाल्या, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं. "पंधरवड्यात नवी वस्तू मी घेतेय. दौलतने नाही, सुनेनेही नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा." त्यांच्या पापण्या थरथरत होत्या. मी आयुष्यात कितीतरी घाबरले असेन, पण असं घाबरून पुढे पाऊल टाकलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

टायर बसले. नविनभाईने ह्यांना बजावलं, "नवे आहेत, वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत सांभाळून, ब्रेक हळू." हे म्हणाले, "तुम्ही दोघी टेंपोतून या, मी गाडी आणतो."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी तुझ्या मागे बसते."

जन्मात मोटारसायकलवर न बसलेली बाई. मी म्हटलं, "आई, वेड लागलंय का, पाऊस आहे."

"तुझे सासरे काही करणार असतील तर आजच करतील, याच चाकांवर," त्या म्हणाल्या. "मी मागे असले तर करायचे नाहीत. मला त्यांनी कधी पाडलं नाही."

आम्ही दोघांनी धरून त्यांना चढवलं. मी टेंपोत बसले, ड्रायव्हरला म्हटलं, गाडीच्या मागेच राहा. काचेवरचा वायपर धड चालत नव्हता. पुसल्याबरोबर त्या दोघांच्या पाठी दिसायच्या आणि परत पाण्यात जायच्या. सासूबाईंनी ह्यांचा शर्ट दोन्ही मुठींत धरलेला. नरपड गेलं. चिखल्याच्या पुढचं ते वळण आलं, सुरूची पानं रस्ताभर पसरलेली, आणि मी डोळे मिटून घेतले. उघडायचा धीर होईना. ड्रायव्हरच म्हणाला, "काकी, गेले ते पुढे."

घरी पोचलो तेव्हा विनिता ओट्यावर उभी होती. कोपराला पट्टी. सासूबाई गाडीवरून उतरल्या त्या तशाच ओट्यावर बसल्या. अंग पावसाने भिजलेलं, दात वाजत होते. त्यांनी नातीला जवळ बोलावलं आणि तिच्या वेणीवरून हात फिरवला.

"उद्या बापाच्या मागे बस," त्या म्हणाल्या. "मी बसून बघितलं."

मग त्यांनी हात पुढे केला आणि मी त्यांना धरून आत नेलं.