मामेसासऱ्यांची तोफ

भारताच्या सीमांचं रक्षण दिल्लीतून होतं, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. ते धरणगावच्या पुढे, कापसाच्या रानात वसलेल्या एका लहानशा गावातून, माझ्या मामेसासऱ्यांच्या ओट्यावरून होतं. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा आशीर्वाद देण्याआधी त्यांनी मला ताठ उभं केलं, दोन्ही खांदे धरून मागे दाबले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "पाठीत वाक शे. पन मानूस कामना दिसस." जळगावच्या एका पाइपांच्या कारखान्यात टेबलावर वाकून आयुष्य काढणाऱ्या माणसाला याहून चांगला शेरा मिळणं शक्य नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली भरती झालो तो आजतागायत सुटलेलो नाही.

सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. आबा तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले. तोफेने त्यांचा डावा कान नेला, पण बाकी सगळी शिस्त मागे ठेवली. घरच्या म्हशीचं नाव त्यांनी 'रसद' ठेवलं होतं. तिने एका वेळी दूध दिलं नाही तर ती आटली असं न म्हणता "रसद तुटली" असं ते इतक्या गंभीरपणे सांगत, की ऐकणाऱ्याला घर वेढ्यात सापडल्यासारखं वाटे. गावातल्या वराती ते स्वतः चालवत. बँडवाल्यांच्या पुढे उभे राहून ते वऱ्हाडाला असं काही पावलात पाऊल मिळवायला लावत, की पुतण्याच्या लग्नात नवरदेवाची घोडी मुहूर्ताच्या कितीतरी आधी मांडवाच्या दारात जाऊन उभी राहिली. तेव्हा नवरीच्या आंघोळीचं पाणी अजून तापत होतं. व्याही हात जोडून "आबा, जरा गावाला एक चक्कर मारून या" म्हणाले, तर आबांनी उत्तर दिलं, "एकदा ठाणं घेतलं की मागे फिरत नाही," आणि भर उन्हात अख्खं वऱ्हाड विश्राममध्ये उभं केलं.

पण त्यांचं खरं वेड 'आपण' या शब्दाचं. घरात कुणी 'मी' किंवा 'मला' म्हटलेलं त्यांना चालत नसे. माझी मुलगी लहान असताना एकदा म्हणाली, "आबा, मला कुल्फी हवी." आबांनी विचारलं, "कोणाला?" ती हुशार. म्हणाली, "आपल्याला." आबा उठले आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांना कुल्फी घेऊन आले. तेव्हापासून आम्ही सुट्टीत गावी पोचलो की गल्लीतली पोरं माझ्या मुलीला कोपऱ्यात घेऊन आधी व्याकरण पक्कं करून घेत. ज्याचं त्याने बघायचं, हा विचार आबांना रोगासारखा वाटे. "फौजमध्ये 'माझं' असं काही नसतं," ते सांगत. "बूट सुद्धा सरकारचे, आणि त्यातला पाय देशाचा." देश म्हणून एक माणूस असल्यासारखंच त्यांचं वागणं होतं. अर्थसंकल्पाच्या दिवशी ते टीव्हीसमोर तसे अस्वस्थ बसत, जसा दहावीच्या निकालाला बाप बसतो. संरक्षणाला जास्त मिळालं की त्यांचा चेहरा उजळे. नवं विमान आलं, नवी तोफ आली, की गावात गूळ वाटत फिरत.

या आनंदात मोडता घालायला एकच माणूस होतं, आणि ते त्यांच्याच घरात होतं. आमच्या मामी, म्हणजे गावच्या अक्का, आयुष्यभर अंगणवाडी सेविका होत्या. अंगाने लहानशा, आवाज त्याहून लहान, पण टीव्ही लागला की त्या आठवणीने आबांच्या उजव्या बाजूला बसत, म्हणजे ऐकू आलं नाही ही सबब राहायला नको.

"विमान उनं, चांगलं शे," अक्का गहू निवडता निवडता म्हणत. "पन आंगनवाडीवरला पतरा कव्हय येई?"

"पतरा पडना ते दुसरा टाकता येस. सीमा पडनी ते काय टाकशी?"

"सीमावर पोरगा मनाच शे. माले समजस."

इथे आबा टीव्हीचा आवाज वाढवत. त्यांचा एकुलता मुलगा खरोखरच सीमेवर होता, आणि त्याला तिथे पाठवण्यात आबांचा वाटा किती आणि त्याच्या स्वतःच्या इच्छेचा किती, हा विषय त्या घरात कुणी काढत नसे. दोघांचं हे भांडण इतकी वर्षं चाललं होतं की आम्ही ते वाऱ्यासारखं, पाखरांच्या आवाजासारखं ऐकत होतो. त्यातून एक दिवस काही तुटेल, असं आमच्या मनात कधी आलं नाही.

मग कापूस वेचणीच्या हंगामात ते घडलं. दरवर्षी सातपुड्याच्या पायथ्याची पावरा आदिवासी कुटुंबं वेचणीला येतात आणि गावाबाहेर नाल्याकाठी पाल टाकून राहतात. त्यातली एक बाई शेतातच अडली. गावाच्या वेशीवर आरोग्य उपकेंद्राची इमारत होती, पण भिंत खचल्यामुळे तिला कुलूप लागलं होतं आणि तिथली सिस्टर दुसऱ्या गावात बसत होती. दुपारची वेळ. अक्कांनी कापसाचा टेम्पो थांबवला, बाईला कापसावर निजवलं आणि स्वतः तिच्याजवळ बसल्या. आबा ड्रायव्हरच्या शेजारी चढले आणि तोंडात शिट्टी धरून धरणगावपर्यंत रस्ता मोकळा करत गेले. बैलगाड्या, ट्रॅक्टर, एस.टी., सगळ्यांना त्यांनी बाजूला काढलं. तरी बाळ वाटेतच झालं आणि रडलं नाही. बाई वाचली. टेम्पो दवाखान्याच्या दारात उभा राहिला तरी आबांची शिट्टी चालूच होती, ती ड्रायव्हरने हाताने काढली. हे मला ड्रायव्हरने सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस आबा आणि अक्का टीव्हीसमोर बसत आणि भांडत नसत, आणि ती शांतता त्या भांडणापेक्षा फार वाईट होती.

पुढच्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर दिवसभर लाल अक्षरं, नकाशे, ओरडणारी माणसं. मुलाचा फोन बंद. मी रजा टाकून दोघांच्या सोबतीला गेलो होतो. आबा ओट्यावर येरझाऱ्या घालत, अक्का फोन पदरात बांधून स्वयंपाक करत. आणि नेमकी त्याच आठवड्यात ग्रामसभा होती. गावातल्या तरुण मंडळींनी लष्कराकडे अर्ज करून एक निवृत्त तोफ मिळवली होती. वेशीवरची उपकेंद्राची पडकी इमारत पाडून तिथे चौथरा बांधायचा, कमान उभारायची आणि तोफ बसवायची असं ठरत होतं. गावाच्या निधीत एकच काम होणार होतं, हा चौथरा नाहीतर उपकेंद्राची दुरुस्ती. तोफ तीच होती, जिच्यावर आबांनी अख्खी नोकरी काढली होती. तिचा फोटो हातात आल्यावर आबांनी तो उजेडात नेऊन वर-खाली फिरवून पाहिला. मग म्हणाले, "जावाई, ही आपली शे हो. हिचा आवाज मी झोपेतही ओळखेन." त्यांनी 'मी' म्हटलेलं त्यांच्याही लक्षात आलं नाही.

मारुतीच्या पारासमोर सभा भरली. आबा अध्यक्षांच्या खुर्चीत, छातीवर पदकं. उपसरपंच म्हणजे नरडाण्याच्या कारखान्यात नोकरीला जाणारा एक उमदा, तापट तरुण. त्याने ठराव वाचला, भारतमातेचा जयजयकार झाला, हात वर होणार एवढ्यात बायकांतून अक्का उठल्या.

"इमारत पाडू नका. दुरुस्त करा. सिस्टरला बसायला जागा द्या."

उपसरपंच आधी हसला, मग त्याचा आवाज चढला. "अक्का, पोरगा सीमावर शे तुमना, आनि तुम्ही तोफले नही म्हनतस? या दिवसमा?"

"पोरगा शे म्हनीसनच बोलस."

मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बसा! हे देशाच्या विरोधात आहे!" काही तरुण उभे राहिले. मी अक्कांच्या दिशेने सरकलो. एक धक्का, एक शिवी एवढंच काय ते बाकी होतं. अक्का बसल्या नाहीत. त्या तरुणांकडे बघतच नव्हत्या. त्या खुर्चीकडे बघत होत्या.

"आबा, तुम्ही जलमभर आपन आपन करतस," त्या म्हणाल्या. "आपन म्हनजे कोन, ते एकदा सांगी द्या. ती पावरी बाई आपनमा शे का नही?"

"ती बाहेरगावनी!" उपसरपंच म्हणाला.

आबा उठले. सगळ्यांना वाटलं, आता बायकोला खाली बसवणार. मलाही तसंच वाटलं. त्यांनी उपसरपंचाकडे तोंड केलं आणि नेहमीच्या कवायतीच्या आवाजात नव्हे, तर अगदी साध्या आवाजात बोलले.

"त्या तोफवर मना एक जोडीदार व्हता. कुठला कोण, लांबचा. त्याची बोली मला कळायची नाही, माझी त्याला. त्याला लागलं तेव्हा तो मरेपर्यंत काहीतरी मागत होता. पाणी नव्हे. पाणी दिलं होतं मी. काय मागत होता ते मला आजपर्यंत कळलं नाही." त्यांनी उपसरपंचाच्या खांद्यावर हात ठेवला. "तो बी बाहेरगावनाच व्हता रे भाऊ."

मग त्याच्या हातातला ठरावाचा कागद घेऊन त्यांनी त्याची घडी घातली.

"दवाखाना," आबा म्हणाले.

"मग तोफ, आबा?" उपसरपंचाचा आवाज आता लहान मुलासारखा झाला होता.

"तोफ नको म्हणून कळवा."

एवढं बोलून ते खुर्ची सोडून घराकडे निघाले. वैशाखाचं ऊन, धुळीचा फुफाटा, आणि आबा अनवाणी. चपला पाराखालीच राहिल्या होत्या. अक्कांनी त्या उचलल्या आणि हातात धरून त्यांच्या मागोमाग चालू लागल्या. ना त्यांनी हाक मारली, ना आबांनी मागे वळून पाहिलं. अख्खी सभा त्या दोघांकडे बघत उभी होती.

घरी कुणी जेवलं नाही. आबांनी पदकं काढून देव्हाऱ्यापाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. अक्का चुलीपुढे उगाच राख सारत बसल्या. आपण या माणसाकडून काय काढून घेतलं, हे त्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पदरातला फोन वाजला. मुलाचा होता. अक्का "कसा शेस रे बापू?" एवढंच म्हणू शकल्या आणि रडायला लागल्या. आबांनी फोन हिसकावल्यासारखा घेतला, ताठ उभे राहिले आणि "हां. हां. शाबास. हां बेटा," असं म्हणत राहिले. फोन त्यांनी डाव्या कानाला लावला होता. त्यांना काहीएक ऐकू येत नव्हतं. अक्कांनी ते पाहिलं, मी पाहिलं, पण आम्ही कुणी बोललो नाही. मुलगा पलीकडे काय बोलला ते त्यालाच ठाऊक. आबांना मात्र हवं ते सगळं कळलेलं दिसत होतं.

पावसाळ्यानंतर उपकेंद्र उघडलं. आबा रोज सकाळी तिथे जाऊन पेशंटांची रांग लावतात. खोकल्याची रांग वेगळी, तापाची वेगळी. सिस्टरने त्यांना दोनदा हाकललं, पण शेवटी तिलाही सवय झाली. त्या दोघांचं टीव्हीपुढचं भांडण परत सुरू झालं, याचा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. आबांचं मत तसूभरही बदललेलं नाही. नवं विमान आलं की ते अजून गूळ वाटतात.

गेल्या हिवाळ्यात मला कळलं की आबांची होती तशी एक तोफ धुळ्याला एका शाळेच्या आवारात आणून बसवली आहे. मी दोघांना गाडीत घालून घेऊन गेलो. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. फाटकातून आत शिरल्यावर आबा थबकले. मग टोपी नीट केली आणि हळूहळू चालत गेले. त्यांनी उपरण्याने तिच्या अंगावरची धूळ पुसली, चाकाजवळ वाकून काहीतरी पाहिलं, एक नट हाताने चाचपला. अक्का तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या.

"मोठी शे हो," त्या म्हणाल्या. "एवढा लांब जास का हिना बार?"

"मंग!"

दुपार झाली होती. अक्कांनी घरून आणलेल्या भाकरी सोडल्या. आवारात झाड नव्हतं आणि तोफेची सावली जेमतेम एका माणसापुरती पडली होती. आबांनी तिथे अक्कांना बसवलं आणि स्वतः उन्हात उभे राहिले. तळहातावर भाकरी, दुसरा हात त्या तापलेल्या लोखंडावर. खाता खाता ते मधूनच थांबत आणि शाळेच्या फाटकाकडे बघत, जणू त्या तोफेवरचं कुणीतरी यायचं राहिलं होतं. अक्का दर वेळी त्यांच्या नजरेमागे फाटकाकडे बघत, आणि मग काही न विचारता त्यांच्या हातावर आणखी एक तुकडा ठेवत.