दूधकाकांनी आणलेला चीक

दूधकाका कोणाच्याही घरी गेले की नमस्काराआधी स्वयंपाकघरात शिरायचे. पातेल्यावरचं झाकण उचलायचे, नाक खुपसायचे आणि विचारायचे, "किती उकळ्या आल्या?" घरची बाई बिचारी कानकोंडी व्हायची. मला तर भारी राग यायचा. एकदा मी फटकन म्हटलं, "काका, माझ्या घरात माझ्याच दुधाची झडती?" तर म्हणाले, "झडती तुझी नाही गं, गाईची." कपाळ माझं!

ते जनावरांचे डॉक्टर. सरकारी बदलीने कोलकात्याला आले आणि निवृत्तीनंतर इथेच, आमच्या समोरच्या दारात राहिले. माझा जन्मच इथला. घराबाहेर बंगाली आणि हिंदीच चालायची, त्यामुळे माझं निम्मं मराठी काका-काकूंच्या भांडणांतून पक्कं झालं. काकू म्हणायच्या, "या माणसाने मला लग्नात पाहिलं नसेल तेवढं निरखून गाईची कास पाहिली आहे." काका खुशाल मान डोलवायचे.

आमच्या दहा-बारा मराठी घरांचं दूध हावड्याच्या एका खटालातून, म्हणजे गोठ्यातून यायचं. दर रविवारी काका बसने तिथे जात. प्रत्येक गाईच्या चारही सडांच्या पहिल्या धारा काळ्या ताटलीवर पिळत. काळ्यावर बारीकशी गुठळीही लपत नाही. गुठळी दिसली, कास गरम आणि कडक लागली, की दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली म्हणून समजायचं. मग गवळ्याला दम: औषध चालू असेपर्यंत, आणि पुढेही मी सांगेन तोवर, हिचं दूध ओतून द्यायचं. गवळी कुरकुरायचा, "डागदरबाबू, गाय तो ठीक दिखती है." काका सरळ मराठीत सुनावायचे, "दिसायला मीही ठीकच दिसतो रे!"

आणि आम्हा बायकांना त्यांचा एकच मंत्र होता, "उकळलं की चिंता मिटली." नव्याने बदलून आलेल्या प्रत्येक घरात तो ऐकवल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत.

मग काकूंना कॅन्सर झाला. औषधांनी तोंडाची चव गेली. पेज, वरण, संदेश, काही म्हणता काही घशाखाली उतरेना. काका वाटी घेऊन त्यांच्यापुढे बसलेले असायचे, आणि वाटी तशीच परत जायची. मागच्या वैशाखात एका सकाळी काकू आपण होऊन म्हणाल्या, "खरवस खावासा वाटतोय." काका लगेच पायांत चपला सरकवून निघाले. या मिठाईच्या शहरात खरवस कुठल्याच दुकानात मिळत नाही. पण खटालातली एक गाय आदल्याच दिवशी व्यायली होती.

पुढचं मला काकांनीच नंतर सांगितलं, काही न लपवता. कास गरम होती. पण व्यायल्यावर कोणत्याही गाईची असतेच. चीक मुळातच घट्ट आणि पिवळा, ताटलीवर त्यात वेगळं काय दिसणार? "चिकावर माझी ती परीक्षा चालत नाही, हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तू मागितला असतास तर नाही म्हणालो असतो. पण ती कितीतरी दिवसांनी काहीतरी मागत होती गं." परत येताना पुलावर मोर्चा निघालेला. अडीच तास बस अडकली. भर उन्हात काका मांडीवर बरणी धरून बसले होते.

खरवस मी केला. गूळ, वेलची, जायफळ घालून चांगला वाफवला. काकूंनी दोन वड्या खाल्ल्या. आनंदाने मला रडूच आलं. आम्हीही एकेक वडी खाल्ली, आणि संध्याकाळपर्यंत तिघंही उलट्यांनी आडवे झालो. काका आणि मी सावरलो. काकूंच्या अंगात सावरण्याइतकं काही उरलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात त्या गेल्या.

काका स्मशानातून आले ते थेट खटालात गेले. एव्हाना त्या गाईचा चीक सरून दूध उतरलं होतं. मागचा एक सड पिळला, तर गुठळ्याच गुठळ्या. "वाफेने जंतू मेले असतील," मला म्हणाले, "पण उन्हात बरणीत ते विष सोडून बसले होते. ते विष उकळून जात नाही." मी त्यांचे हात धरले. म्हटलं, "काका, तुमच्या पाया पडते, कोणाला सांगू नका. आजाराने गेल्या असंच म्हणू या." तेवढ्यात पुण्याहून त्यांची लेक आली. त्यांनी तिला दारातच सगळं सांगितलं. तेरा दिवस ती पोरगी बापाशी एक अक्षर बोलली नाही.

नंतर ते एकेक करून सगळ्या घरी गेले. या वेळी स्वयंपाकघरात शिरले नाहीत. उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "उकळलं की चिंता मिटली, हे मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. दुखऱ्या कासेचं दूध घरात आणूच नका. आणि चांगलं दूधही उन्हात ठेवू नका." त्या गाईचे उपचारही त्यांनीच पुरे केले. गाय बरी झाली.

नागपूरला बहिणीकडे कायमचे निघाले तेव्हा मी त्यांना हावडा स्टेशनवर पोचवायला गेले. गाडी लागली, तरी ते बाकावरून उठेनात. "एक विचारू?" म्हणाले. "दुसरी वडी तिने मागितली होती, की मीच वाढली? रोज आठवून बघतो. आठवतच नाही."

मला आठवत होतं. काकूंनी ताटलीवर हात आडवा धरला होता. "पुरे हो," म्हणाल्या होत्या. काका म्हणाले, "माझ्यासाठी एवढी खा." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात बाजूला घेतला.

"त्यांनीच मागितली, काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी डोळे पुसले, पिशवी उचलली. "तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुलाच विचारलं," म्हणाले, आणि डब्यात चढले.