व्हिसावरचा भंडारा

वडूजच्या पूर्वेला आमचं गाव. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडायची, ती पावसाळ्याच्या तोंडाला परतायची. वर्षातले सात महिने आम्हाला घर नव्हतं. घोड्यावर लादलेली भांडी आणि खंडाळ्याकडं कुणाच्या तरी रानात बसवलेला मेंढरांचा वाडा, एवढाच संसार. चौथीपर्यंत माझ्या तीन शाळा झाल्या. मग आईनं हट्टानं मला गावात आत्याजवळ ठेवलं आणि मी शिकले. साताऱ्याला हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही.

संकोच वाटायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. आबा, म्हणजे माझे वडील, बिरोबाचे भक्त. मी वसतिगृहावर निघाले की ते माझ्या कपाळाला भंडारा, म्हणजे देवाची हळद, फासायचे. आणि एसटी साताऱ्याच्या स्टँडात शिरायच्या आत मी ती रुमालानं पुसून टाकायचे. देवावर राग नव्हता. पण मुली हसायच्या. शिकायला जाताना देव गावाकडंच ठेवून जायचा असतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पुढं मला एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या बेकरीत नोकरी लागली. जहाज बार्सिलोनाहून सुटणार होतं, तिथवर मुंबईहून विमानानं जायचं होतं. कंपनीनं बजावलं होतं, जहाज संध्याकाळी पाचला निघेल; जो पोचणार नाही त्याची जागा दुसऱ्याला. आबांना मी समजावलं, जहाजावर हजारो माणसं राहतात, आज या गावाला, उद्या त्या गावाला. ते म्हणाले, "म्हंजे वाडाच की गं! फकस्त मेंढरं पैसेवाली."

ते मला सोडायला मुंबईपर्यंत आले. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. विमानतळाच्या दारात त्यांना थांबावं लागलं. "तिकीट हातात पडलं की फोन कर. तवर मी हितनं हलत न्हाई," म्हणाले.

रांगेत उभी राहून मी पासपोर्ट उघडला. व्हिसाच्या पानावर पिवळाधम्मक अंगठा! आठवड्यापूर्वी आबा आरेवाडीला बिरोबाच्या दर्शनाला गेले होते. जाताना त्यांनी माझा पासपोर्ट गुपचूप देवाला दाखवायला नेला असणार. मी तिथूनच फोन लावला.

"आबा, पासपोर्टला काय लावलंत?"

"भंडारा. दुसरं काय लावणार?"

"व्हिसावरच?"

"आगं, ज्या कागदानं तू जाणार त्येलाच लावायला नगं व्हय? कोऱ्या पानाला लावून काय उपेग?"

मी फोन ठेवला आणि सवयीनं रुमाल काढला. ओला करून घासला. डाग गेला नाहीच, उलट पसरून व्हिसावरच्या माझ्या फोटोपर्यंत गेला.

काउंटरवरच्या मुलीनं पान पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "हे कुणी खोडायचा प्रयत्न केलाय का? असा व्हिसा पुढं चालणार नाही. बाजूला थांबा." माझ्या मागची माणसं एकेक करून पुढं गेली. काउंटर बंद व्हायला तासभर उरला होता. काचेतून लांबवर आबांचा पटका दिसत होता.

तिथं उभी असताना मला माझंच लक्षात आलं. हे मी बिघडवलं होतं. आबांनी लावलं तेव्हा नुसता अंगठा होता. त्याचा खोडलेला कागद केला तो माझ्या पुसण्यानं. मी रुमाल पर्समध्ये कोंबला. मनात म्हटलं, 'बिरोबा, भंडारा तुझा आहे. आता मी पुसत नाही. ने, नाहीतर इथंच ठेव.' डोळे मिटून उभी राहिले.

"आरेवाडीचा का गं, बाय?"

साठीतले एक गृहस्थ शेजारी उभे राहून माझ्या हातातलं पिवळं पान बघत होते. आटपाडीकडचे. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनावर काढलेली. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि काउंटरवर जाऊन शांतपणे म्हणाले, "मॅडम, साहेबांना बोलवा आणि कागद तपासायच्या निळ्या दिव्याखाली हे पान धरा. खोडलेलं असलं तर दिसेल. नसलं तर तेही दिसेल."

साहेब आले. छोटा दिवा पानावर धरला. व्हिसाच्या आत छापलेली नक्षी अखंड उजळली. आणि तिच्यावर, पसरलेल्या डागाच्या मधोमध, हळदीचा तो अंगठाही लखलखला, रेषान् रेष.

"कुणाचा अंगठा?" साहेबांनी विचारलं.

"वडिलांचा. त्यांना सही येत नाही."

"मग हीच सही," आटपाडीचे काका म्हणाले. साहेब हसले. त्यांनी व्हिसाचा नंबर हातानं टाकून तपासला, कुठंतरी फोन केला आणि बोर्डिंग पास माझ्या हातात ठेवला. वळून पाहते तर काका त्यांच्या विमानाकडं निघून गेलेले. नाव विचारायचं राहिलं. आजही रोज त्यांच्यासाठी हात जोडते.

आबांना फोन केला. "आबा, हला आता."

"पुसायला बगितलंस न्हवं?"

माझा हात पर्समधल्या रुमालाकडं गेला.

"साताऱ्याला बी पुसायचीस. पिवळं रुमाल धुवायला घरीच यायचं की, लेकी. तुझ्या आईनं कवाच वळखलं हुतं. म्हणून ह्या टायमाला कागदाला लावला."

इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं ते एका शब्दानं न बोलता लावत राहिले. देवाचं देणंही असंच असावं. आपण पुसत राहतो, तो लावत राहतो. त्या दिवसापासून मी काही पुसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, बार्सिलोनाच्या बंदरात, त्याच रुमालाला लागलेला भंडारा कपाळाला लावून मी शिडी चढून जहाजावर हजर झाले. पाच वाजता जहाज सुटलं. मी त्यावर होते.